शहाजीराजांच्या दौलतीची वांटणी

भीमेच्या कांठच्या पट्ट्यांत, आजच्या दौंड तालुक्यांत, हिंगणी बेरडी आणि देऊळगांव अशीं गांवें आहेत. दौंडवरून सोलापुराकडे जाणाऱ्या रेल्वेच्या प्रवाशाला त्यांचीं नांवें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु मराठ्यांच्या इतिहासांत या गांवांना एक मान आहे. भोसल्यांच्या घराण्याकडे ज्या गांवांच्या पाटीलक्या होत्या, त्यांत यांची गणना होते. शिवछत्रपतींचे पणजोबा बाबाजी आधीं पाटील होते. सरदारी, जहागिरी आणि छत्रचामरें हें सर्व मागाहून आलें. पुढें या घराण्यानें दोन राज्यें मिळविलीं, पण पाटीलकी सोडली नाहीं. आणि जेव्हां दोन राजेबंधूंमध्यें वडिलार्जित दौलतीवरून तंटा होऊन तो मिटला, तेव्हां बखरकार सांगतात त्याप्रमाणें, किल्ल्यांच्या व परगण्यांच्या कलमांबरोबर या पाटीलकीचेंही एक कलम लिहिलें गेलें.

पाटीलकी म्हटली कीं शहरांतल्या माणसाला साऱ्याची वसुली करणारा गांवकामगार आठवतो. जुन्या काळीं पाटीलकी ही त्याहून फार मोठी वस्तु होती. तिच्यांत इनाम जमीन होती, गांवच्या पिकांतला हक्क होता, आणि या दोहोंपेक्षां जपलेली अशी मानपानाची एक लांबलचक यादी होती. पाटील वारला आणि मागें दोन मुलगे राहिले, म्हणजे जमीन काठीनें मोजून वांटतां येई, धान्य मापानें वांटतां येई. परंतु पोळ्याच्या दिवशीं कोणाच्या बैलानें पुढें निघावें, होळींत पहिली पोळी कोणीं टाकावी, दसऱ्याला आपट्याचें पूजन कोणीं करावें, सभेंत विडा आणि टिळा आधीं कोणाला मिळावा, कागदावर नांगराची निशाणी कोणीं करावी, हें कोणत्या काठीनें मोजावयाचें? वतनांचे जे जुने कागद महाराष्ट्रांत सांपडले आहेत, त्यांतला मोठा भाग असल्या तंट्यांनीं भरलेला आहे. बाहेरच्याला ते पोरकट वाटतात. ते पोरकट नव्हते. ज्याचा बैल आज मागें निघाला, त्याच्या नातवाचा बैलही मागेंच निघावयाचा होता.

असे तंटे निवडण्याची रीत ठरलेली होती. गोतसभा भरे. तिच्यांत परगण्याचे देशमुख-देशपांडे, आसपासच्या गांवांचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि गांवचे बलुतेदारसुद्धां बसत. दोन्ही पक्ष आधीं राजीनामा लिहून देत. म्हणजे ही सभा सांगेल तें मान्य, असें स्वतःला बांधून घेत. मग दोघांच्या तकरिरी लिहून घ्यावयाच्या, जुने कागद पाहावयाचे, वृद्ध माणसांना देवळांत उभें करून शपथेवर विचारावयाचें; आणि इतकें करूनही उलगडा झाला नाहीं, तर दिव्याचा मार्ग होता. निकालाचा महजर होई. त्यावर सह्यांच्या जागीं ज्याची त्याची निशाणी उमटे, पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू. हरलेला येजितखत लिहून देई, म्हणजे आपला दावा खोटा ठरला असें आपल्याच तोंडानें कबूल करी. जिंकलेला सरकारांत हरकी भरी. या रीतींत दोष पुष्कळ होते, दिव्य हा तर मोठाच दोष. पण सभेंत बसलेले लोक दोघां भावांना लहानपणापासून ओळखत असत आणि निकालानंतरही सर्वांना त्याच गांवांत एकमेकांसमोर राहावयाचें असे, ही गोष्ट कोणत्याही कायद्याच्या पुस्तकांत सांपडावयाची नाहीं.

परंतु भाऊ राजेच असले, तर त्यांची गोतसभा कोणीं भरवावी?

२३ जानेवारी १६६४ रोजीं शहाजीराजे कर्नाटकांत होदिगेरे येथें शिकारीच्या वेळीं घोड्यावरून पडून वारले. त्यांच्या मागें दोन घरें होतीं. जिजाबाईसाहेबांचे थोरले चिरंजीव संभाजीराजे कनकगिरीला आधींच कामीं आले होते. धाकटे शिवाजीराजे महाराष्ट्रांत होते. तुकाबाईसाहेब या मोहित्यांच्या कन्या; त्यांचे चिरंजीव व्यंकोजीराजे वडिलांजवळ बंगळुरास वाढले. १६३६ त निजामशाही बुडाल्यावर शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरींत गेले आणि कर्नाटकाच्या मोहिमांवर रवाना झाले, तेव्हांपासून थोडीं वर्षें सोडतां हीं दोन घरें दोन मुलखांत राहिलीं. पुणें, सुपें, इंदापूर, चाकण ही जहागीर शिवाजीराजांच्या नांवें चालली व तिचा कारभार मलठणचे कुलकर्णी दादोजी कोंडदेव पाहूं लागले. बंगळूर, कोलार, होसकोट हा कर्नाटकांतला मुलूख शहाजीराजांच्या स्वतःच्या हाताखालीं राहिला. वडील हयात असतांनाच वांटणीची रेघ अशी नकळत ओढली गेली होती. मात्र ती कागदावर कोणीं लिहिली नव्हती.

या दोन घरांतला पहिला खटका वडील हयात असतांनाच उडाला, आणि तो दौंडच्या शेजारीं, आज बारामती तालुक्यांत असलेल्या सुप्यांत. सुप्याचा कारभार संभाजी मोहिते यांच्याकडे होता. ते तुकाबाईसाहेबांचे बंधु. म्हणजे शिवाजीराजांचे सावत्र मामा, आणि व्यंकोजीराजांचे सख्खे. जहागीर शहाजीराजांची, हिशेब शहाजीराजांना द्यावयाचा, असा मामांचा पक्ष असावा; आणि व्यवहारदृष्ट्या तो खोटा नव्हता. १६५६ त शिवाजीराजांनीं त्यांना एकाएकीं धरलें, सुपें ताब्यांत घेतलें व मामांची रवानगी कर्नाटकांत शहाजीराजांकडे केली. शिमग्याचें पोस्त मागण्याच्या निमित्तानें राजे गेले, अशी आठवण सभासदानें दिली आहे. स्वराज्याच्या दृष्टीनें हें करणें भाग होतें, यांत शंका नाहीं. परंतु बंगळुराच्या वाड्यांत ज्या दिवशीं मामा परत आले, त्या दिवशीं तेथील मंडळींच्या मनांत काय आलें असेल, याचाही विचार इतिहास वाचणारानें करावा. अशा आठवणी घरांत बोलल्या जात नाहींत, पण त्या जातही नाहींत.

वडील वारल्यावर तेरा वर्षें शिवाजीराजांनीं वांट्याची गोष्ट काढली नाहीं. कारणें उघड आहेत. शहाजीराजे वारले त्याच महिन्यांत सुरतेची मोहीम झाली. पुढील वर्षीं मिर्झाराजे जयसिंग आले, त्यापुढील वर्षीं आग्र्याचा प्रसंग झाला, मग गेलेले किल्ले परत घेण्याचें काम, आणि १६७४ त राज्याभिषेक. इकडे व्यंकोजीराजांनीं वडिलांची जहागीर आदिलशाहीचे चाकर म्हणून चालविली, आणि १६७५ च्या सुमारास तंजावर काबीज करून तेथें आपलें राज्य स्थापन केलें.

आतां धर्मशास्त्राप्रमाणें पाहिलें तर कोणाची बाजू खरी? मिताक्षरेच्या मतानें वडिलार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो आणि भावांचे वांटे सारखे होतात. आई वेगळी असली म्हणून वांटा कमी होत नाहीं. या न्यायानें बंगळूर, कोलार, होसकोट यांत, आणि वडिलांच्या जडजवाहीर, हत्ती, घोडे यांत शिवाजीराजांचा निम्मा हक्क निर्विवाद दिसतो. पण प्रश्न एवढ्यावर थांबत नाहीं. जहागीर ही चाकरीबद्दल बादशहानें दिलेली वस्तु. ती खरोखर बापाची मिळकत कीं मालकाची, असें व्यंकोजीराजांना विचारतां येत होतें. तंजावर तर वडिलांच्या पश्चात धाकट्या भावानें स्वतः घेतलेलें. तें स्वकष्टार्जित म्हणावें, तर त्याला वांटणी लागत नाहीं. वडिलांच्या फौजेनें व पैशानें मिळविलेलें म्हणावें, तर लागते. आणि जो न्याय तंजावराला, तोच पुण्या-सुप्याला कां नाहीं? स्वराज्याची मुहूर्तमेढही वडिलांच्याच जहागिरींत रोवली गेली होती. हा शेवटचा प्रश्न बखरकारांनीं कधीं विचारला नाहीं. विचारला असता तर त्याचें उत्तर देणें त्यांना जड गेलें असतें.

या वेळीं पुढें आले ते रघुनाथ नारायण हणमंते. शहाजीराजांचे कारभारी नारो त्रिमल हणमंते यांचे हे पुत्र. वडिलांच्या दौलतींत काय होतें आणि काय नव्हतें, हें यांच्याइतकें दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतें. व्यंकोजीराजांशीं त्यांचें बिनसलें. जुन्या कारभाऱ्याचा शब्द नवा मालक मानीना. ते तंजावर सोडून निघाले, वाटेंत गोवळकोंड्याला मादण्णापंतांशीं बोलणें केलें, आणि शिवाजीराजांकडे आले. घरचा तंटा कारभाऱ्यानेंच पेटविला, असें त्यांच्याविषयीं म्हणणारे आहेत. तें निखालस खोटें नाहीं. पण तंटा मिटविण्याचें कामही शेवटीं त्यांच्याच हातून झालें, हेंही त्याबरोबर सांगितलें पाहिजे.

१६७६ च्या अखेरीस शिवाजीराजे दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले आणि १६७७ च्या आरंभीं भागानगरास कुतुबशहाला भेटले. तेथें ठरलेल्या तहाचा एक भाग या प्रकरणाशीं संबंध ठेवणारा आहे. कर्नाटकांत जो मुलूख जिंकला जाईल त्यांत कुतुबशहाला हिस्सा मिळावयाचा होता, पण शहाजीराजांच्या ताब्यांत जो मुलूख होता तो वगळून. म्हणजे ही स्वारी एका बाजूनें राज्यविस्ताराची होती, आणि दुसऱ्या बाजूनें वारसाहक्काची होती. जिंजी हातीं आली, वेलूरला वेढा पडला, शेरखान लोदीचा मोड झाला, आणि त्या उन्हाळ्याच्या शेवटीं कोळ्ळिडम नदीच्या कांठीं तिरुमळवाडीला छावणी पडली. नदीपलीकडे तंजावरचें राज्य.

व्यंकोजीराजांना बोलावणें गेलें. ते आले. भावाभावांची ही भेट जुलै १६७७ त झाली. आठ दिवस आदरसत्कार झाला, जेवणें झालीं. मग वांट्याची गोष्ट निघाली. शिवाजीराजांनीं निम्मा हिस्सा मागितला. व्यंकोजीराजांनीं हो म्हटलें नाहीं, नाहीं म्हटलें नाहीं, आणि एका रात्रीं छावणींतून निघून नदी ओलांडून तंजावर गांठलें. पुदुच्चेरीच्या वखारीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तां यानें आपल्या रोजनिशींत ही हकीकत टिपून ठेवली आहे. त्या वेळीं दक्षिणेंत ही बातमी किती गाजली, हें त्यावरून दिसतें. सभासद म्हणतो कीं शिवाजीराजांना वाईट वाटलें. आपण काय त्याला कैद करणार होतों, असे उद्गार त्यानें त्यांच्या तोंडीं घातले आहेत. मागें राहिलेल्या व्यंकोजीराजांच्या माणसांना प्रथम अटकावलें, पण नंतर वस्त्रें देऊन तंजावरास पोंचविलें.

धाकटा भाऊ कां पळाला? त्याला भित्रा म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु सुप्याच्या मामांची गोष्ट तो घरांत ऐकत वाढला होता. ज्याच्या हातून एवढे सरदार फसले, त्याच्याच छावणींत आपण मूठभर माणसांनिशीं बसलों आहों, ही जाणीव त्याला रात्रीं झोंप येऊं देत नसली तर नवल नाहीं. वांटणीच्या बोलण्यांत ज्याच्या हातीं फौज आहे तो हसून बोलला तरी समोरच्याला तें हसणें खरें वाटत नाहीं.

कोळ्ळिडमच्या उत्तरेचा मुलूख शिवाजीराजांनीं घेतला. त्यांत वडिलांच्या जहागिरीचा भाग आला. बंदोबस्तासाठीं रघुनाथपंत, हंबीरराव आणि संताजी भोसले यांना ठेवून ते परत फिरले. हे संताजी शहाजीराजांचेच आणखी एक पुत्र, औरस नव्हत. ते आधीं व्यंकोजीराजांकडे होते आणि तेथून निघून थोरल्या भावाकडे आले होते. बापाच्या दौलतींत ज्यांना शास्त्रानें वांटा नव्हता अशीं माणसेंही त्या घरांत होतीं, आणि तंट्याच्या वेळीं तीं कोणत्या बाजूला जातात याला महत्त्व होतें.

नोव्हेंबर १६७७ त व्यंकोजीराजांची फौज या लोकांवर चालून आली. दिवसाच्या लढाईंत संताजींचे लोक हटले. रात्रीं त्यांनीं परत फिरून बेसावध छावणीवर छापा घातला व पारडें फिरविलें. एका जेझुइट पाद्र्याच्या पत्रांत या लढाईचें वर्णन आहे. बापाच्या पैशावरून बापाचेच मुलगे एकमेकांवर तरवारी चालवीत होते.

ही बातमी कळल्यावर शिवाजीराजांनीं भावाला जें पत्र लिहिलें, तें उपलब्ध आहे, आणि या सगळ्या प्रकरणांत त्याच्यासारखा अस्सल पुरावा दुसरा नाहीं. त्याचा सूर राजाचा नाहीं. घरांतल्या वडील भावाचा आहे, रागावलेल्या आणि दुखावलेल्या. तेरा वर्षें सगळी दौलत तुम्हीं एकट्यानें खाल्ली, आम्हीं धीर धरला. मग आपला अर्धा वांटा मागितला, तो तुम्हीं सुखानें द्यावयाचा होता. उलट दुर्योधनासारखी बुद्धि धरून लढाई केली आणि माणसें मारविलीं, असा त्याचा आशय आहे. यानंतर राजे हिशेबाला येतात. बंगळूर, कोलार, होसकोट, अरणी हीं ठाणीं व तंजावर आमच्या लोकांच्या हवालीं करा. रोख, जवाहीर, हत्ती, घोडे यांचा निम्मा वांटा द्या. त्याच्या बदल्यांत तुंगभद्रेच्या अलीकडे पन्हाळ्याच्या प्रांतांत तीन लाख होनांची जहागीर देतों, किंवा कुतुबशहाकडून तेवढी देववितों. घरांतला कलह बरा नाहीं, आजवर भांडलांत तें झालें, यापुढें भांडाल तर कष्टी व्हाल, अशी समज शेवटीं आहे. मागणी कठोर आहे. पण प्रत्येक ठाण्याचें नांव, प्रत्येक वस्तूची जात त्यांत लिहिली आहे; आणि जें मागावयाचें तें नांव घेऊन मागितल्यावांचून तडजोडीला सुरुवातच होत नाहीं.

तडजोड घडवून आणण्याचें श्रेय बखरकार दीपाबाईंना देतात. या व्यंकोजीराजांच्या पत्नी, इंगळ्यांच्या घरच्या. लढाईनंतर व्यंकोजीराजे खिन्न होऊन बसले असतां त्यांनीं नवऱ्याला समजाविलें कीं वडील भावाशीं वैर करण्यांत शोभा नाहीं, त्यांना वांटा द्यावा आणि रघुनाथपंतांना बोलावून त्यांच्या मार्फत हें मिटवावें. बखरींत दीपाबाईंच्या तोंडीं मोठें भाषण आहे. तें बखरकारानें रचलेलें आहे, हें उघड आहे. नवरा-बायकोचें बोलणें कोणीं लिहून ठेवीत नाहीं. पण त्यांनीं मध्यें पडून कांहीं केलें याचा एक चांगला पुरावा आहे, तो म्हणजे तहांतलें त्यांच्या नांवाचें कलम.

हा तह एकोणीस कलमांचा म्हणून मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरींत दिला आहे. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची, म्हणजे घटनेनंतर सव्वाशें वर्षांहून अधिक काळानें लिहिलेली. तेव्हां शब्दन् शब्द खरा मानण्याचें कारण नाहीं. पण एकंदर व्यवस्था विश्वास ठेवण्यासारखी आहे, कारण पुढें जें प्रत्यक्ष घडलें त्याच्याशीं ती जुळते. तंजावर व्यंकोजीराजांकडे राहिलें. जिंजी-वेलूरचा मुलूख शिवाजीराजांकडे राहिला. पत्रांत मागितलेला तंजावरचा वांटा थोरल्या भावानें सोडून दिला, असा याचा अर्थ. आणि दोघांमध्यें ज्यावर सर्वांत अधिक ओढाताण व्हावयाची, तें वडिलांचें बंगळूर व त्याच्या आसपासचा मुलूख? तो थोरल्यालाही मिळाला नाहीं, धाकट्यालाही मिळाला नाहीं. तो शिवाजीराजांनीं भावजयीला, दीपाबाईंना, चोळी-बांगडीसाठीं दिला, आणि तो पुढें मुलीच्या वंशाकडे चालावा असें लिहिलें.

या एका कलमांत जितकें शहाणपण आहे तितकें एकोणीस कलमांपैकीं उरलेल्या अठरांत मिळून नसेल. ज्या वस्तूवर दोघांचाही हक्क खरा आहे, ती दोघांपैकीं कोणालाही दिली तरी दुसऱ्याच्या मनांत सल राहतो. ती दोघांनाही जिचा मान ठेवावा लागतो अशा व्यक्तीच्या नांवें केली, म्हणजे धाकट्याच्या घरांतून कांहीं गेलें नाहीं आणि थोरल्यानें कांहीं हिसकावलें नाहीं. शिवाय ज्या काळीं विधवेला अन्नवस्त्रापलीकडे आणि मुलीला लग्नखर्चापलीकडे भावाभावांच्या वांटणींत फारसें स्थान नव्हतें, त्या काळीं हें लिहिलें गेलें. मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलग्यांच्या बरोबरीनें जन्मतः हक्क मिळण्यास पुढें २००५ चा कायदा यावा लागला.

इतर कलमें व्यवहाराचीं आहेत. एकानें दुसऱ्याच्या पळून आलेल्या चाकराला थारा देऊं नये, दुष्टांना व चोरांना राज्यांत आसरा मिळूं नये, एकमेकांकडे गेल्यास मान कसा राखावा, अशीं. त्यांतच पाटीलकीचें कलम येतें. हिंगणी, बेरडी, देऊळगांव येथील आणि महाराष्ट्रांतलीं इतर वडिलार्जित वतनें शिवाजीराजांकडे चालावींत, त्यांत व्यंकोजीराजांनीं दावा सांगूं नये. राज्याभिषेक झालेला छत्रपति आणि तंजावरचा राजा भीमेकांठच्या एका पाटीलकीसाठीं कलम कां लिहितात? उत्पन्नासाठीं खास नाहीं. राज्य वांटतां येतें, दौलत वांटतां येते. पण आपण कोणत्या गांवचे, हें वांटलें कीं भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चालते, हें पाटलांच्या घरांत जन्मलेल्यांना दुसऱ्या कोणीं सांगावयास नको होतें. होळीची पोळी आणि पोळ्याचा बैल त्यांच्या रक्तांत होता.

तह झाला तरी व्यंकोजीराजांचें मन स्थिर झालें नाहीं. ते खाण्यापिण्याकडे, कारभाराकडे लक्ष देईनासे झाले, वैराग्याच्या गोष्टी बोलूं लागले. ही बातमी रघुनाथपंतांनीं रायगडास कळविली. तेव्हां शिवाजीराजांनीं आणखी एक पत्र पाठविलें, आणि तें आधींच्या पत्राशेजारीं ठेवून वाचण्यासारखें आहे. रिकामे बसूं नका, हे दिवस पराक्रमाचे आहेत, वैराग्य उतारवयांत करावें, चाकरांना रिकामें ठेवाल तर तेच तुम्हांला खातील, आम्ही वडील तुमच्या पाठीशीं असतां तुम्हांला चिंता कसली, अशा अर्थाचें तें आहे. त्यांत वांट्याचा एकही शब्द नाहीं. हा हिशेब पुरा झाला होता. त्यानंतर थोड्याच अवधींत, ३ एप्रिल १६८० रोजीं, रायगडावर राजांचें देहावसान झालें.

भावाशीं वांटणी करून दाखविणाऱ्या या पुरुषाच्या स्वतःच्या घरांतली वांटणी मात्र राहून गेली. सभासद लिहितो कीं पन्हाळ्याच्या भेटींत त्यांनीं संभाजीराजांजवळ दोन राज्यांची गोष्ट काढली होती: तुंगभद्रेपासून कावेरीपर्यंतचें एक आणि तुंगभद्रेपासून गोदावरीपर्यंतचें दुसरें, एक संभाजीराजांना आणि एक राजाराममहाराजांना. ती गोष्ट बोलण्यांतच राहिली, कागदावर आली नाहीं. मग रायगडावर काय झालें तें सर्वश्रुत आहे. नऊ वर्षांनीं, मार्च १६८९ त, संभाजीमहाराजांचा वध झाला आणि शिरूर तालुक्यांतल्या वढू बुद्रुक येथें भीमेच्या कांठीं त्यांची उत्तरक्रिया झाली. त्यांचे पुत्र शाहूमहाराज मोगलांच्या कैदेंतून सुटून आले तेव्हां राजाराममहाराजांच्या विधवा ताराबाई यांच्याशीं त्यांचा पहिला मुकाबला ऑक्टोबर १७०७ त खेडला झाला, तोही याच भीमेच्या वरच्या अंगाला. चुलती आणि पुतण्या. पुढें चोवीस वर्षें हा तंटा चालला, आणि १७३१ त वारणेच्या तहानें सातारा व कोल्हापूर अशी वांटणी कागदावर लिहिली गेल्यावर थांबला. जें १६८० त लिहावयाचें होतें, तें एकावन्न वर्षांनीं लिहिलें गेलें. एवढ्या काळांत किती घरें फुटलीं याचा हिशेब कोणीं करावा?

दीपाबाईंच्या चोळी-बांगडीचें बंगळूरही फार दिवस टिकलें नाहीं; १६८७ त तें मोगलांनीं घेतलें, आणि तीन लाखांना म्हैसूरकरांकडे गेलें. तंजावरचें घराणें मात्र पावणेदोनशें वर्षें चाललें. १८५५ त तेथील शेवटचे राजे शिवाजी हे मुलगा नसतांना वारले. कंपनीनें राज्य खालसा केलें, आणि राज्याबरोबर राजांची खासगी मालमत्ताही, दागिने, जमिनी, वाड्यांतल्या वस्तू, जप्त केली. थोरल्या राणी कामाक्षीबाई यांनीं मद्रासच्या सुप्रीम कोर्टांत दावा लावला आणि तो जिंकला. १८५९ त लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें तो निकाल फिरविला. कंपनीनें जें केलें तें एका राज्यसत्तेचें कृत्य आहे, त्याचा न्याय करण्याचा अधिकार कोर्टाला नाहीं, असें ठरलें. ही मालमत्ता नवऱ्याची खासगी होती कीं राज्याची, याचा निवाडा झालाच नाहीं. भावाभावांच्या तंट्यांत गोतसभा नव्हती. येथें कोर्ट होतें, पण त्याचे हात बांधलेले होते.

पुढें १८६२ त सरकारनें ही खासगी मालमत्ता हक्क म्हणून नव्हे, तर मेहेरबानी म्हणून राण्यांना परत दिली. थोरल्या राणींनीं ती सर्वांच्या वतीनें सांभाळावी, आणि पुढें ती राजांच्या मुलीकडे जावी, अशी तजवीज केली. सहा वर्षांनीं, १८६८ त, धाकट्या राण्यांनीं आपला वांटा मागितला, आणि मद्रासच्या हायकोर्टापुढें एकाच नवऱ्याच्या विधवा एकमेकींविरुद्ध वादी-प्रतिवादी म्हणून उभ्या राहिल्या.